वाळूची साक्ष

भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटल्याची बातमी येते. उन्हाळ्यात त्याच पात्रांत वाळूचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात आणि रात्री पाण्यावर आलेल्या जनावरांचे माग सकाळी त्यांवर स्पष्ट दिसतात. ऊन चढलं, वारा सुटला की या मागांच्या कडा ढासळू लागतात, आणि पहिल्या पुरात तर सगळा पट्टाच वाहून जातो. हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना, वाळवंटातल्या टेकड्यांवरची पावलं पंचवीस-तीस कोटी वर्षं टिकली, या बातमीवर शंका आली तर ती रास्तच म्हणायला हवी. चिखलातलं पाऊल सुकून कडक होईल; भुसभुशीत वाळूतलं टिकेल कसं? या शंकेच्या मागे जाऊ लागलं की एक गोष्ट लक्षात येते. अशा पाऊलखुणा जनावराची जेवढी माहिती देतात, त्याहून जास्त आणि जास्त भरवशाची माहिती वाळूची देतात. तरी मथळ्यात मोठ्या टाइपात छापलं जातं ते जनावराचंच नाव.

वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू मंद उताराची असते आणि आडोशाची बाजू चांगली तीव्र, तीस-चौतीस अंशांपर्यंत. वारा कण माथ्यापर्यंत चढवतो. तिथे ते साचतात आणि भार झाला की आडोशाच्या उतारावरून घसरतात. प्रत्येक घसरणीचा एक थर होतो. दव पडून किंवा एखादी सर येऊन उताराची वरची वाळू ओलसर झाली असेल तर कण एकमेकांना धरून राहतात आणि त्यात पाऊल नीट उमटतं. मग वरून कोरडी वाळू घसरत येते आणि ते झाकून टाकते. नदीकाठचा माग उघडा राहतो म्हणून जातो. टेकडीवरचा गाडला जातो म्हणून राहतो. या दोन थरांमधला जोड कच्चाच राहतो आणि कोट्यवधी वर्षांनी दगड नेमका तिथेच उकलतो. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या भिंतीत कोकोनिनो नावाचा फिकट वालुकाश्म आहे, सुमारे २७-२८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची एखादी फरशी जवळून पाहावी. बोटांचे ठसे बारीक, पण प्रत्येक ठशाच्या मागे, उताराच्या खालच्या अंगाला, दाबून सारलेल्या वाळूची एक छोटी चंद्रकोर असते. तेवढ्या चंद्रकोरीवरून उतार कुठे होता ते कळतं, आणि उतारावरून वारा कुठून वाहत होता तेही. कोकोनिनोत प्राण्याचं एकही हाड सापडलेलं नाही. सारी साक्ष पावलांची.

दगडातल्या पावलांची अशी साक्ष पहिल्यांदा नोंदवली स्कॉटलंडमधल्या रुथवेलच्या हेन्री डंकन या पाद्र्याने. (बचत बँकेचा जनक म्हणून तो जास्त प्रसिद्ध आहे.) कॉर्नकॉकल म्यूरच्या खाणीतल्या वालुकाश्मावरच्या खुणांची हकिगत त्याने ऑक्सफर्डचा भूवैज्ञानिक विल्यम बकलंड याला कळवली. बकलंडला या खुणा कासवाच्या वाटल्या, आणि ताडून पाहण्यासाठी त्याने चक्क कासवं चालवली. जानेवारी १८२८मध्ये लंडनला मर्चिसन या भूवैज्ञानिकाच्या घरी हा प्रयोग पाहायला मंडळी जमली, त्याचं वर्णन प्रकाशक जॉन मरी याच्या पत्रात आहे. मळलेल्या पिठावर कासवं सोडली तर ती जागची हलेनात. शेपटीवर टिचक्या मारूनही हलेनात. उचलून पाहतात तो पाय पिठात रुतून बसलेले, पायागणिक पिठाचा गोळा. मग विद्वानांनी बाह्या सरसावल्या, लाटणं हाती घेतलं आणि पीठ पुन्हा मळलं. पीठ बेताचं झाल्यावर कासवं एकदाची चालली. बकलंडचा निष्कर्ष चुकला, कारण त्या वालुकाश्माच्या काळी कासवं मुळात नव्हतीच. पण त्या संध्याकाळचा खरा शोध पुन्हा मळलेल्या पिठात होता. पाय तेच, प्राणी तोच. एका पिठात ठसा उमटेना आणि दुसऱ्यात सुरेख उमटला. बकलंडच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगणारे नेमकं हेच सांगायचं विसरतात.

शंभर वर्षांनी, १९२०च्या दशकात, स्मिथसोनियनच्या चार्ल्स गिलमोरने कोकोनिनोतल्या खुणा गोळा केल्या आणि त्यांना भराभर वेगवेगळी नावं दिली. त्यातली बरीचशी पुढे बाद झाली. वाळू कोरडी की ओली, उतार किती, यावरून एकाच तऱ्हेच्या पावलांची निरनिराळी रूपं झाली होती. एक गोष्ट मात्र गिलमोरनेच टिपली: जवळजवळ सगळे माग चढणीचे आहेत. जनावरं चढली आणि उतरलीच नाहीत की काय? भूवैज्ञानिक एडविन मॅकी यांनी सरडे वाळूच्या उतारावर चालवून पाहिले. चढणीचे ठसे स्वच्छ येत; उतरताना वाळू पायासरशी घसरे आणि ठसा विस्कटे. म्हणजे हा एकतर्फीपणा जनावरांच्या सवयीचा नव्हे, वाळूचा.

ही वाळू वाळवंटातल्या टेकड्यांची, यावरच सगळ्यात दमदार आक्षेप घेतला तो लिओनार्ड ब्रँड यांनी. १९७९मध्ये त्यांनी सॅलमँडर कोरड्या, ओलसर, ओल्या आणि पाण्याखालच्या वाळूवर चालवले आणि पाण्याखालचे ठसे कोकोनिनोशी जास्त जुळतात असं मांडलं. १९९१मध्ये त्यांनी आणखी एक मुद्दा आणला: काही मागांत बोटं एका दिशेला आणि चाल दुसऱ्या दिशेला दिसते, तेव्हा प्रवाहाने जनावर बाजूला ढकललं असणार. ब्रँड ज्या विद्यापीठात होते ते ॲडव्हेंटिस्ट पंथाचं, आणि बायबलमधल्या महाप्रलयाची कथा खरी मानणाऱ्यांनी हे काम उचलून धरलं. त्यामुळे अनेकांनी ते वाचण्याआधीच झटकलं. हे बरं नव्हे. प्रयोग कुणी केला यावर त्याचा निकाल लागत नाही. निकाल दगडानेच दिला आहे. तीव्र उतारावर तिरकं चढणारं जनावर असंच आडवं सरकतं, त्याला प्रवाह लागत नाही. त्याच वालुकाश्मात कोळी आणि विंचू यांच्या चालीशी जुळणारे माग आहेत, थेंब पडून झालेले खळगे आहेत, वाऱ्याने उमटवलेल्या उथळ लाटा आहेत. पाण्याखालच्या वाळूवर पावसाचा थेंब खळगा पाडत नाही. ब्रँड यांचं एवढं मात्र खरं, की ठशाच्या रूपात पाण्याचा वाटा मोठा आहे. पण त्याला समुद्र लागत नाही, दव पुरतं.

मग कुणी म्हणेल, वाळूच ठसा घडवत असेल तर तो वाचायचा कशाला? हा प्रश्न न विचारणं आपल्या जंगलांत एकदा चांगलंच महागात पडलं आहे. सरोजराज चौधरी यांनी १९६६मध्ये ओडिशात सुरू केलेल्या पद्धतीने देशभर वाघ मोजले जात. मागचा डावा पंजा काचेवर गिरवायचा, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा आणि ठशावरून एकेक वाघ वेगळा ओळखायचा. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत आदींनी दाखवून दिलं की एकाच वाघाचा ठसा जमीन आणि चाल बदलली की बदलतो. २००५मध्ये सरिस्कात कागदावर वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता. तेव्हा ती मोजणी मागे पडली आणि कॅमेरे आले. तरीही माग पाहणं थांबलं नाही. वाघ येऊन गेला का, केव्हा, कुठे गेला, हे मागावरून आजही समजतं. ‘कुठला वाघ’ हा प्रश्न तेवढा त्याला झेपत नाही. जीवाश्म पावलांचंही असंच आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये पायवाटेलगत कोसळलेल्या एका शिळेवरचे, सुमारे ३१ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे माग २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. ‘सर्वांत जुने’ म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. प्राणी कोण, ते ठाऊक नाही. पण पाय कोणत्या क्रमाने उचलले गेले ते त्यात वाचता येतं, आणि इतक्या आधी चतुष्पाद वाळूच्या टेकड्यांवर वावरत होते हेही. नावापेक्षा हे मोलाचं आहे.

आपल्याकडे टेकड्या आणि पावलं यांचा हा योग जुळलेला नाही, आणि तो का जुळला नाही हे पाहण्यासारखं आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात वेंकटपूर वालुकाश्म आहे. तो वाऱ्याने रचलेल्या वाळवंटाचा आहे, हे तपन चक्रवर्ती यांनी १९९१मध्ये थरांच्या अभ्यासातून मांडलं. टेकड्या होत्या, आडोशाचे उतार होते, ओल होती. पण तो काळ जमिनीवर पाय असलेलं काही अवतरण्याच्या कितीतरी आधीचा. पाय आले तोवर याच खोऱ्यात नद्या आणि तळी होती. सिरोंचाजवळच्या कोटा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत मासे सापडतात, आणि सिरोंचा तालुक्यातच, पोचमपल्लीजवळ, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बारापासॉरस या प्रचंड डायनासोरची शेकडो हाडं खणून काढली. ब्राझीलमध्ये दोन्ही गोष्टी जुळल्या. तिथल्या बोटुकाटू वाळवंटात डायनासोर फिरत होते, आणि पुढे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणासारखाच लाव्हा त्या टेकड्यांवर पसरला. आराराक्वारा शहराच्या पदपथांवर याच दगडाच्या फरशा आहेत. त्यांवरची पावलं वर्षानुवर्षं लोकांच्या पायाखाली होती. १९७०च्या दशकात जुझेप्पे लिओनार्दी या इटालियन धर्मगुरूने ती ओळखली. अशा खुणा भर दुपारी दिसत नाहीत. ऊन तिरपं पडलं आणि खळग्यात सावली आली तरच दिसतात. सिरोंचा तालुक्यातल्या वालुकाश्माच्या उकललेल्या फरशा पाहायच्या झाल्या तर त्या सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर पाहाव्यात. तो दगड नदीच्या वाळूचा आहे, त्यामुळे तिथे काही उमटलेलं असलंच तर त्याला चंद्रकोर असण्याची शक्यता कमी.