लाखांदूरचा पिन कोड मूळ संख्या आहे का?

लाखांदूरचा पिन कोड 441803. एककस्थानी 3, अंकांची बेरीज 20. म्हणजे 2, 3, 5 यांपैकी कशानेच भाग जात नाही. शाळेतल्या कसोट्या इथे संपतात आणि बहुतेक जण ‘मूळ संख्या’ म्हणून मोकळे होतात. पण 7 पासून एकेक मूळ संख्या घेऊन भाग देत गेलं, तर 103 पर्यंत दर वेळी बाकी उरते आणि 107 ने निःशेष भाग जातो: 107 × 4129. मोहाडीचा 441909 त्यामानाने लवकर उघडा पडतो. बेरीज 27, म्हणजे 9 ने भाग जाणारच. चेहऱ्यावरून मूळ संख्या ओळखता येते, हा पहिला गैरसमज.

मोठ्या मूळ संख्या दुर्मिळ असतात, हाही असाच एक. विरळ होतात हे खरं, पण फार सावकाश. पिन कोडच्या आकाराच्या संख्यांत सरासरी 13 मध्ये एक मूळ असते. 300 अंकी संख्यांतही साधारण 700 मध्ये एक. आणि त्या कधीच संपत नाहीत, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलं. त्यामुळे ‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ अशी बातमी आली की तिच्यात ‘आजवर माहीत असलेली’ हे शब्द आपणच घालून वाचावेत.

अशी शेवटची मोठी बातमी ऑक्टोबर 2024 मधली. ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली ही संख्या म्हणजे 2 चा 136279841 वा घात वजा 1. तिच्यात 4,10,24,320 अंक आहेत. सेकंदाला एक या वेगाने न थांबता वाचले तरी सुमारे 475 दिवस लागतील. घातांक मूळ असला की उत्तरही मूळ येतं असं मात्र नाही. 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, आणि तो निघतो 23 × 89.

एवढ्या संख्येला भाग देत कोण बसलं, असा प्रश्न पडतो. कोणीच नाही! संख्या मूळ आहे की नाही हे अवयव न शोधताही कळतं, आणि मला या विषयात सर्वांत गमतीचं वाटतं ते हेच. विषम मूळ संख्या घ्या, तिच्यातून 1 वजा करा आणि 2 चा तेवढा घात काढा. त्याला त्या संख्येने भागलं की बाकी 1 च उरते. आता 15 घ्या. 2 चा 14 वा घात 16384, त्याला 15 ने भागल्यावर बाकी 4. म्हणजे 15 मूळ नाही. 3 आणि 5 चं नावही घ्यावं लागलं नाही. उलट बाजूने मात्र ही कसोटी फसते: 341 ला बाकी 1 च येते, तरी ती 11 × 31 आहे. म्हणून विक्रमी संख्येसाठी लुकास-लेहमर ही पक्की कसोटी वापरतात.

बँकांची सुरक्षा या विक्रमी संख्येवर चालते, असंही सांगितलं जातं. जगाला ठाऊक असलेली संख्या कुलपाच्या काय कामाची? आरएसए या कूटलेखन पद्धतीत साधारण 300 अंकी दोन गुप्त मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करतात. तो करायला क्षणही लागत नाही, फोडणं अवघड. 2020 मध्ये 250 अंकी गुणाकार फोडला गेला, त्याला संगणकाच्या एका कोअरने सुमारे 2700 वर्षं राबावं इतकं काम पडलं.