‘कर्म’, ‘क्रिया’ आणि ‘नीतिमान ठरणे’ : मराठी बायबलमधील शब्दनिवड

धर्मग्रंथाचे भाषांतर करताना निवडलेला शब्द पुढे सिद्धान्ताचा भाग होतो आणि उपासकांच्या आचरणातही उतरतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. एकोणिसाव्या शतकात शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते, तर दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले.

प्रथम ल्युथरचा दाखला पाहू. १५२२ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन नव्या करारात, रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात (३:२८), त्याने ‘केवळ’ या अर्थाचा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. आक्षेप घेतला गेला तेव्हा १५३० साली त्याने आपली बाजू मांडली. जर्मन भाषेची प्रकृती तो शब्द मागते आणि पौलाचा आशयही तोच आहे, असे त्याचे म्हणणे होते. घरातील आई, रस्त्यावरची मुले व बाजारातील माणूस कसे बोलतात हे भाषांतरकाराने ऐकले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. ‘केवळ विश्वासाने’ हे ल्युथरन मताचे सूत्र ठरले व इतर प्रॉटेस्टंट पंथांनीही ते स्वीकारले. शिरूरचे मिशन ल्युथरन नव्हते. तरीही हे सूत्र त्याच्या शिकवणीच्या मुळाशी होते.

बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी आवृत्तीत या ठिकाणी ‘केवळ’ आढळत नाही. तेथे लक्ष वेधतात ते दुसरे दोन शब्द. पहिला ‘नीतिमान ठरणे’. यातील ‘नीतिमान’ हे विशेषण सदाचाराकडे नेते, तर ‘ठरणे’ हे क्रियापद निवाड्याकडे. मनुष्य स्वतः नीतिमान होतो की देव त्याला तसा ठरवतो, हा ल्युथर आणि रोमन चर्च यांच्यातील वादाचा गाभा होता. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे उभय पक्षांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्याचाही हाच विषय होता. मराठीत ल्युथरची बाजू ‘ठरणे’ या एका क्रियापदाने सांभाळली आहे. प्रवचनकाराने ‘ठरणे’ऐवजी ‘होणे’ म्हटले, तर सिद्धान्तच पालटतो.

दुसरा शब्द ‘कर्म’. पौलाच्या पत्रांत ग्रीक ‘एर्गा’साठी ‘कर्म’ येतो. याकोबाच्या पत्रात त्याच ग्रीक शब्दासाठी ‘क्रिया’ योजला आहे. मुळात शब्द एकच असल्याने पौल आणि याकोब परस्परविरुद्ध बोलतात असे ल्युथरला वाटले व याकोबाच्या पत्राला त्याने गौण लेखले. मराठी वाचकाला हा विरोध तितका जाणवत नाही. कारण कर्मावाचून तारण आणि क्रियेवाचून निर्जीव विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. म्हणजे भाषांतराने येथे एक सैद्धान्तिक पेच सौम्य केला आहे. दुसरीकडे ‘कर्म’ हा शब्द पूर्वजन्म, कर्मकांड आणि जातिव्यवस्थेचे समर्थन यांचे ओझे घेऊन येतो. नगर-शिरूर परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. आपल्या हीन स्थितीचे कारण पूर्वकर्म आहे असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या श्रोत्याला ‘कर्मावाचून’ हा शब्द जर्मन शेतकऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ देऊ शकतो. हा अर्थ मुळात नाही. पण त्याला निरर्थक म्हणता येणार नाही.

हेच ओझे रमाबाईंना खटकत होते. प्रचलित मराठी बायबलमध्ये वेदान्त व हिंदू उपासनेशी निगडित शब्द शिरले आहेत, तसेच त्याची भाषा सामान्य स्त्रियांना कळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. संस्कृतच्या व्यासंगामुळे १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवणाऱ्या विदुषीने संस्कृतप्रचुर मराठीला नकार द्यावा, हे लक्षणीय आहे. त्या शब्दांचे शास्त्रार्थ त्यांना पुरेपूर ठाऊक होते, म्हणूनच त्यांचा धोका त्यांना दिसला असे म्हणता येईल. मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच त्याच्या छपाईचे काम केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तोवर भाषांतर पूर्ण झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. चर्चच्या उपासनेत मात्र बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली.

याच्या उलट टोकाला रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) आहेत. त्यांनी वारकरी परंपरेचे शब्द आणि अभंगाचा घाट ख्रिस्ती भक्तीसाठी आपलासा केला. रमाबाईंना जो शब्द दूषित वाटे, तो टिळकांना पूल वाटे. मराठी मंडळ्यांनी त्यांची पदे गायिली. त्यामुळे सिद्धान्त एका भाषेत आणि भक्ती दुसऱ्या भाषेत, अशी विभागणी मराठी ख्रिस्ती जीवनात दिसते.

निष्कर्ष असा की, निर्मळ, पूर्वसंस्काररहित शब्द भाषांतरकाराला कधीच मिळत नाही. कोणते ओझे पत्करावयाचे एवढेच त्याच्या हाती असते. केडगावच्या बायबलकडे आपल्या वाङ्मयेतिहासाने बहुधा चरित्रातील एक घटना म्हणून पाहिले आहे. ‘कर्म’, ‘प्रायश्चित्त’, ‘पश्चात्ताप’ असा एकेक शब्द घेऊन दोन्ही आवृत्त्यांची तुलना झाल्यास मराठी गद्याच्या आणि मराठी समाजाच्या अभ्यासालाही त्याचा लाभ होईल.