घाटात अडणारी ठिणगी

खंबाटकी घाटाच्या पहिल्याच चढाला गाडीने झटका दिला. पुण्याहून शिरवळपर्यंत ती शहाण्यासारखी आली होती. घाटात तिसरा गिअर टाकून पाय दाबला की इंजिन अडखळायचं, पाय सैल सोडला की पुन्हा सुरळीत. तीन सिलिंडरची, एक लिटरची छोटी पेट्रोल गाडी, मीटरवर ४५ हजार किलोमीटर. रडतखडत घाट चढून साताऱ्याला पोचलो आणि दिसलं त्या पहिल्या गॅरेजात गाडी घातली.

तिथल्या पोराने तिन्ही प्लग काढले. मधला प्लग कॉइलमध्ये खोचून इंजिनाच्या हेडला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितला. टिक टिक करत निळसर ठिणगी पडायला लागली. "प्लग चांगलाय की," पोरगं म्हणालं. हातातल्या कामातून मान वर न करता म्हातारे मेस्त्री म्हणाले, "बाहेर पडती रे. आत पडंना."

ठिणगी बाहेर पडते, मग आत का पडत नाही? आणि सपाटीला न अडणारी गाडी घाटातच का अडते? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते कळलं की गाडीला कोणता प्लग घ्यावा आणि तो कधी बदलावा, हेही आपसूक कळतं.

दाब गुणिले अंतर

स्पार्क प्लग ही तशी साधी वस्तू. मधोमध एक धातूची कांडी, तिच्याभोवती ॲल्युमिनापासून बनवलेलं पांढरं चिनीमातीसारखं कवच, त्यावर आटे असलेली पोलादी खोळ आणि खोळीला जोडलेला एक वाकडा आकडा. मधली कांडी आणि आकडा यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते. तिला गॅरेजात 'गॅप' म्हणतात. कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून हजारोंच्या घरात नेते. तेवढा विद्युतदाब फटीवर आला की तिथली हवा, जी एरवी वीज अडवते, ती क्षणभर वीजवाहक होते आणि ठिणगी पडते.

ही हवा किती व्होल्टला शरण येईल? जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन याने १८८९ मध्ये त्याचा नियम मांडला. लागणारा विद्युतदाब वायूचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. उघड्या हवेत एक मिलिमीटरच्या फटीला काही हजार व्होल्ट पुरतात. म्हणून टेबलावर, बॉनेटवर किंवा हेडला टेकवून कोणताही बरा प्लग ठिणगी टाकतो.

सिलिंडरच्या आत गोष्ट वेगळी असते. पिस्टन वर येतो तेव्हा हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण सुमारे दहाव्या हिश्श्यात कोंबलं जातं. दाब अनेक पटींनी वाढतो आणि त्याच फटीला आता १०, १५, कधी २० हजारांहूनही जास्त व्होल्ट लागतात. सपाटीला पाय हलका असतो. हवेचा झडपदरवाजा जेमतेम उघडलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा कमी येते, म्हणून दाबही कमी राहतो. घाटात पाय दाबला की दरवाजा सताड उघडतो, सिलिंडर गच्च भरतो आणि व्होल्टची मागणी चढते. कॉइलची ऐपत मात्र ठरलेली. मागणी ऐपतीच्या वर गेली की ठिणगी पडतच नाही. गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' मारते.

मेस्त्रींनी फिलर गेजची पाती काढून माझ्या प्लगची गॅप मोजली. एक मिलिमीटर हवी तिथे १.४ भरली. अंतर जवळपास दीडपट झालं, म्हणजे गुणाकारही तेवढाच वाढला. सपाटीला तो कॉइलच्या आवाक्यात होता, घाटात निसटला. शिवाय कांडीची धारदार कड झिजून वापरलेल्या खडूसारखी गोल झाली होती. वीज टोकदार जागी लवकर उडी मारते, गुळगुळीत जागी आळस करते. इमारतीवरच्या वीजरोधकाला टोक असतं ते याचसाठी.

घरी ही ठिणगीची चाचणी करायच्या फंदात पडू नये. आजूबाजूला पेट्रोलची वाफ असते आणि हातात हजारो व्होल्ट. त्यातून हाती लागतं ते अर्धसत्यच.

साडेचार कोटी ठिणग्या

फट वाढते कशी? चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एका सिलिंडरमध्ये एक ठिणगी पडते. ताशी ६० किलोमीटरला छोट्या गाडीचं इंजिन वरच्या गिअरमध्ये मिनिटाला दोनेक हजार फेरे मारतं असं धरू. मिनिटाला एक किलोमीटर, मिनिटाला हजार ठिणग्या. म्हणजे माझ्या ४५ हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक प्लगने किमान साडेचार कोटी ठिणग्या टाकल्या होत्या. शहरातल्या पहिल्या-दुसऱ्या गिअरचे आणि सिग्नलला थांबल्यावेळचे फेरे धरले तर आकडा आणखी मोठा.

प्रत्येक ठिणगी धातूचा कणभर भाग उडवते. ०.४ मिलिमीटरची झीज साडेचार कोटींवर वाटून पाहिली, तर पंचवीस-तीस ठिणग्या पडाव्यात तेव्हा कुठे निकेलच्या एका अणूच्या जाडीएवढा थर जातो. इतकी हळू झीज ड्रायव्हरला रोजच्या रोज कशी कळणार? आपल्या पायाला तिची सवय होते आणि एक दिवस घाट येतो.

ही झीज रोखायची तर धातू बदलायला हवा. साध्या प्लगची कांडी निकेलच्या मिश्रधातूची असते. बाजारात त्याला 'कॉपर प्लग' म्हणतात, कारण उष्णता वाहून नेण्यासाठी आत तांब्याचा गाभा असतो. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ अंशांना आणि इरिडियम २,४४६ अंशांना. इरिडियम इतकं चिवट आहे की त्याची कांडी ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकी बारीक ठेवता येते. निकेलची असते साधारण अडीच मिलिमीटर. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टला उडते आणि नुकती पेटलेली ज्योत थंड धातूला टेकून विझण्याची भीती कमी होते. निकेलचा प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर काढतो, इरिडियमचा चांगला प्लग लाखाच्या आसपास जातो.

महाग प्लग टाकल्यावर गाडीची ताकद वाढते, असं मात्र नाही. एका ठिणगीत सुमारे ५० मिलिज्यूल ऊर्जा असते. पाच ग्रॅमचं नाणं एक मीटर उचलायला लागते तेवढीच. गाडी ओढते ती पेट्रोलची ऊर्जा, ठिणगी फक्त काडी लावते. काडी नीट लागत असेल तर चांदीच्या काडीने चूल जास्त पेटत नाही. इरिडियमचे जास्तीचे पैसे आपण टिकाऊपणासाठी देतो. दोन-तीन वाकडे आकडे असलेल्या प्लगचंही तेच. दिसायला ते भारदस्त असतात, पण एका वेळी ठिणगी एकाच आकड्यावर पडते.

गरम प्लग, थंड प्लग

प्लग निवडताना ठिणगीपेक्षा महत्त्वाची असते ती उष्णता. प्लगचं टोक ४५०-५०० अंशांच्या वर असेल तर त्यावर बसलेली काजळी जळून जाते, प्लग स्वतःला साफ ठेवतो. त्याखाली राहिलं तर काजळी साचते. काजळी वीजवाहक असल्याने वीज फटीवरून उडी मारण्याऐवजी काजळीवरून सरपटत निघून जाते. उलट टोक साधारण ८५० अंशांच्या वर गेलं तर ते निखारा होतं आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवून देतं. त्यात पिस्टनला भोक पडू शकतं.

टोक किती तापावं हे पांढऱ्या कवचाच्या आतल्या टोकाच्या, म्हणजे त्याच्या नाकाच्या, लांबीवर ठरतं. मुंबईच्या लोकलमध्ये दाराशी उभा असलेला माणूस स्टेशन आलं की चटकन उतरतो, खिडकीशी बसलेल्याला गर्दी कापत यावं लागतं. उष्णतेचं दार म्हणजे प्लगचे आटे. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर आट्यांतून हेडमध्ये उतरते, तो 'थंड' प्लग. नाक लांब असेल तर ती आत रेंगाळते, तो 'गरम' प्लग. दोघांची ठिणगी सारखीच.

हा गरम-थंडपणा प्लगवरच्या नंबरात लिहिलेला असतो आणि गफलत होते ती इथेच. एनजीके आणि डेन्सो यांचा आकडा वाढला की प्लग जास्त थंड, बॉश आणि चॅम्पियनचा आकडा वाढला की जास्त गरम. एका कंपनीचा सहा म्हणजे दुसऱ्या कंपनीचा सहा नव्हे. त्यामुळे "मोठा नंबर द्या" हे दुकानात बोलायचं वाक्य नव्हे.

आकड्याइतकीच आट्यांची लांबीही जुळायला हवी. ती जास्त असेल तर प्लग पिस्टनला आपटू शकतो, कमी असेल तर हेडचे रिकामे आटे काजळीने भरतात. सांकेतिक नावातलं 'आर' हे अक्षरही गाळू नये. बाहेरून स्कूटर गेली की दूरदर्शनच्या पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा उमटायच्या, हे पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल. प्रत्येक ठिणगी हे एक छोटं रेडिओ प्रक्षेपण केंद्रच असतं. जगदीशचंद्र बोस यांनीही आपले रेडिओ लहरींचे प्रयोग ठिणग्यांच्याच जोरावर केले. 'आर'च्या प्लगमध्ये हा गोंगाट दाबणारा सुमारे ५,००० ओहमचा रोध असतो. आता प्रश्न टीव्हीचा उरला नाही. इंजिन चालवणारा संगणक त्या गोंगाटाने गोंधळू नये, म्हणून तो रोध लागतो.

सीएनजीवाल्यांनी तर जास्तच जपावं. सीएनजीमध्ये ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर कुरकुर करत नाही आणि सीएनजीवर टाकलं की झटके सुरू होतात. माझा घाट तो त्यांचा गॅस. सीएनजी मॉडेलसाठी कंपनीने वेगळा प्लग किंवा वेगळी गॅप सांगितली असेल, तर तीच पाळावी.

प्लग काय सांगतो

काढलेला प्लग फेकण्याआधी उजेडात धरून बघावा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय, किंवा गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच धावते आणि प्लग तापतच नाही. काळा आणि तेलकट ओला असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल आत उतरतंय, तिथे नवा प्लग टाकून रोग जात नाही. पांढराफटक, फोड आलेला असेल तर इंजिन किंवा प्लग फार तापतोय.

हाताने बसवा, पान्याने आवळा

बदलायचं काम अवघड नाही, धीराचं आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढला तर त्याबरोबर आटेही येऊ शकतात. कॉइल काढली की प्लगच्या खड्ड्यातली धूळ पंपाने उडवावी, नाहीतर खडा थेट सिलिंडरमध्ये पडतो. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना १६ मिलिमीटरचा प्लग पाना लागतो. नवा प्लग हातातून फरशीवर पडला तर तो बाजूला ठेवावा, आतल्या कवचाला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही. इरिडियमचं टोक गेजने दाबू नये, मोडतं.

मेस्त्रींनी इथे एक युक्ती दाखवली. जुन्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा त्यांनी प्लगच्या डोक्यावर घातला आणि त्या रबराने प्लग फिरवत खाली सोडला. आटा सरळ बसला तर प्लग सहज उतरत जातो. वाकडा लागला तर रबर प्लगच्या डोक्यावर नुसतं घसरतं, आटे मात्र वाचतात. हाताने पूर्ण बसल्यावरच पाना लावला. १४ मिलिमीटर आट्याचा, वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळला की पुरे. ताकद दाखवली तर आटे जातात, आणि सैल सोडला तर उष्णतेचं दारच नीट उघडत नाही, प्लग तापत राहतो. एक प्लग खराब निघाला तरी तिन्ही बदलावेत, ठिणग्या तिघांनीही सारख्याच टाकलेल्या असतात.

'चालतंय तोवर चालू दे' हे धोरण इथे महागात पडतं. मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची आतली जाळी वितळवू शकतं. निकेलचा प्लग शे-दीडशे रुपयांना मिळतो, कन्व्हर्टर हजारोंच्या घरात जातो. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला तर पाय सैल करावा आणि लवकरात लवकर गॅरेज गाठावं.

परतताना घाट लागत नाही, साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगदा आहे. गाडीची परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. त्याच चढाला, तिसऱ्याच गिअरमध्ये. कुरकुर नाही. तोवर मी एक काम करून ठेवलं होतं, तेवढं तुम्हीही करा. गाडीच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढा, त्यातला प्लगचा नंबर आणि गॅप बघा, आणि शेवटचे प्लग किती किलोमीटरला बदलले ते त्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.