शून्याची किंमत

मागच्या डिसेंबरातली आपल्या कॉलेजची पंचक स्पर्धा आठवते? आठवणारच. आमच्या दुसऱ्या मजल्याची टीम २१२ गुणांनी हरली आणि तेव्हापासून मेसमध्ये आमच्या एका मित्राला 'शून्य' याच नावाने हाक मारतात. त्याचं खरं नाव इथे देत नाही, गरजही नाही. लांब उडीत तीन फाउल केले, तोंड पाडून हॉस्टेलवर निघून गेला, टीमला बुडवलं, अशी ती गोष्ट सांगितली जाते. ही गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी मला माहीत आहे, कारण ती माझी आहे. पण ती कळण्यासाठी आधी थोडं गणित आणि थोडी युरोपची सैर करावी लागेल. व्हायवापेक्षा सोपं आहे, घाबरू नका.

डेकॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत दहा प्रकार. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी आणि दिवस संपता संपता ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळे, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक आणि शेवटी, पायांत जीव उरलेला नसताना, १५०० मीटर. बायकांच्या हेप्टॅथलॉनमध्ये सात प्रकार: १०० मीटर अडथळे, उंच उडी, गोळा, २०० मीटर, आणि दुसऱ्या दिवशी लांब उडी, भाला, ८०० मीटर. १९८१ च्या आधी बायकांना पाचच प्रकार असायचे.

आता प्रश्न असा की सेकंद आणि मीटर यांची बेरीज करायची कशी? एकक वेगळं, दिशाही उलटी. धावताना आकडा कमी हवा, फेकताना जास्त. आपण फर्स्ट इयरला डायमेन्शन्स जुळत नाहीत म्हणून मार्क घालवतो, तीच अडचण. यावर उपाय म्हणून गुणांचे तक्ते आहेत. सध्याचे तक्ते १९८५ पासून वापरात आहेत आणि त्यांच्यामागे एकच सूत्र आहे. धावण्यासाठी: गुण = अ × (ब − वेळ) चा क वा घात. उड्या आणि फेकीसाठी कंसातली वजाबाकी उलटी. येणाऱ्या उत्तराचा अपूर्णांक सरळ कापून टाकायचा, राउंड ऑफ नाही.

'ब' म्हणजे जिथे गुण शून्य होतात ती रेघ. १०० मीटरला ती १८ सेकंद आहे, १५०० मीटरला ४८० सेकंद म्हणजे आठ मिनिटं. 'अ' हा सगळे प्रकार एका पातळीवर आणणारा गुणक. खरी गंमत 'क' मध्ये आहे. तो नेहमी एकापेक्षा मोठा असतो, म्हणजे आलेख सरळ न जाता वर वळतो. १०० मीटरला अ २५.४३४७ आणि क १.८१. साडेबारा सेकंदांवरून बारावर आलात तर ५५६ चे ६५१ होतात, ९५ गुण वाढतात. पण अकरावरून साडेदहावर गेलात तर ८६१ चे ९७५, म्हणजे ११४ गुण. अर्धा सेकंद तोच, पण वरच्या पायरीवरचा महाग. गोळ्याला मात्र क फक्त १.०५, जवळजवळ सरळ रेषाच. तिथे आठचे नऊ मीटर झाले की ३६६ चे ४२६.

तक्ता बदलला की इतिहासही बदलतो बरं का. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये डेली थॉम्पसनला ८७९७ गुण मिळाले आणि जर्मनीच्या युर्गन हिंगसेनचा विश्वविक्रम एका गुणाने हुकला. पुढे अडथळ्यांच्या शर्यतीचा फोटो पुन्हा तपासला, वेळ एक शतांश सेकंदाने सुधारली, बरोबरी झाली. मग नवा तक्ता लावल्यावर त्याच कामगिरीचे ८८४७ झाले आणि विक्रम एकट्या थॉम्पसनचा झाला. म्हणजे घरी बसल्या बसल्या विश्वविक्रम! आपल्याकडे रिव्हॅल्युएशनला एवढं यश कधी येतं?

इथपर्यंत सगळं एकट्या माणसाचं. पण युरोपात १९७३ पासून याच खेळांची देशादेशांमधली सांघिक स्पर्धा होत असे. आधी तिला युरोपियन कप म्हणत, नंतर नाव बदलून सांघिक अजिंक्यपद झालं. वरची, मधली, खालची अशा लीग, आणि फुटबॉलसारखी बढती-घसरण. २०१३ आणि २०१७ ला वरच्या लीगचे सामने एस्टोनियातल्या टालिनला झाले, २०१९ ला युक्रेनमधल्या लुत्स्कला. अमेरिका आणि जर्मनी यांच्यातही अशीच एक लढत होते, १९१२ चा ऑलिंपिक विजेता जिम थॉर्प याच्या नावाने.

युरोपातल्या या स्पर्धेचा नियम साधा होता आणि तोच इथे महत्त्वाचा आहे. एका संघात चार खेळाडू, त्यांतल्या सर्वोत्तम तिघांच्या गुणांची बेरीज धरायची. चौथा कशाला? एखाद्याचा स्नायू दुखावला, कुणी चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झालं, तर सांभाळून घ्यायला. पण एक गडी गळाला की गादी संपली. मग उरलेल्या तिघांपैकी सगळ्यात कच्चा असेल त्याचा प्रत्येक गुण थेट देशाच्या खात्यात जातो.

आणि दुसरा नियम, जो कुणी नीट वाचत नाही. एखाद्या प्रकारात तिन्ही प्रयत्न फुकट गेले तर त्या प्रकाराचे गुण शून्य. पण खेळाडू बाद होत नाही, पुढचे प्रकार खेळू शकतो. बाद कधी? पुढच्या प्रकाराला तो उभाच राहिला नाही तर. शून्य मिळणं वेगळं आणि सोडून जाणं वेगळं.

एकटा खेळत असेल तर या फरकाला फारसा अर्थ नसतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या युरोपियन स्पर्धेत फ्रान्सच्या केव्हिन मायरने लांब उडीत तीन फाउल केले आणि स्पर्धा सोडली. ते बरोबरच होतं. पदक गेलेलंच होतं, उगाच अंग कशाला झिजवा. महिन्याभराने ताज्या पायांनी तालाँसला उतरला आणि ९१२६ गुणांचा विश्वविक्रम केला. तोच मायर जर संघासाठी खेळत असता तर? लांब उडीचं शून्य घेऊनही उरलेल्या नऊ प्रकारांत त्याने बऱ्याच जणांना मागे टाकलं असतं, आणि प्रशिक्षकाने त्याला मैदानाबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मला जे. जे. शोभा आठवते. आपल्या कोल्हापूर-बेळगावच्या खाली धारवाड, तिथल्या भागातली ही मुलगी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सहाव्या प्रकारात, भालाफेकीत, तिचा घोटा दुखावला. शेवटचे ८०० मीटर बाकी होते. पदकाच्या जवळपासही ती नव्हती. तरी पायाला पट्ट्या गुंडाळून ती धावली आणि ६१७२ गुणांवर अकरावी आली. त्याच वर्षी दिल्लीत तिने ६२११ चा राष्ट्रीय विक्रम केला होता. आणखी एक बघा: २००२ च्या बुसान आणि २००६ च्या दोहा, दोन्ही एशियाडमध्ये हेप्टॅथलॉनचं रौप्य सोमा बिस्वासला आणि कांस्य शोभाला. एकाच देशाच्या दोघी दोनदा शेजारी-शेजारी! आशियात अशी सांघिक बेरीज असती तर काय बहार आली असती. पुढे २०१८ ला स्वप्ना बर्मनने जकार्तात दाढदुखीमुळे गालाला पट्टी लावून ६०२६ गुणांचं सुवर्ण आणलं, आणि २०२३ ला हांगझोऊमध्ये तेजस्विन शंकरने डेकॅथलॉनमध्ये ७६६६ गुणांचं रौप्य. असो. गाडी माणिकपूरला आणतो.

युरोपातल्या स्पर्धेबद्दल वाचून मीच जिमखान्याच्या सरांकडे गेलो होतो. दरवर्षी आपल्या स्पोर्ट्‌समध्ये ज्या मजल्याकडे एक चांगला स्प्रिंटर असतो तो मजला ट्रॉफी नेतो, म्हटलं हे बंद करू. दोन दिवस, पाच प्रकार: १०० मीटर, लांब उडी आणि गोळा पहिल्या दिवशी; उंच उडी आणि १५०० दुसऱ्या दिवशी. चार जणांचा संघ, तिघांचे गुण धरायचे. हॉस्टेलचे तीन मजले आणि एक टीम लोकलाइट लोकांची. सरांनी नियमांचा कागद काढला, चार कॅप्टनांना एकेक प्रत दिली. दुसऱ्या मजल्याचा कॅप्टन मी होतो. सगळ्यात कच्चा खेळाडूही मीच. (वेळ हातातल्या स्टॉपवॉचने धरायची होती. त्यासाठी नियमात वेगळी तरतूद आहे, ती आम्ही सरळ सोडून दिली.)

पहिल्या दिवशी सकाळी थंडी होती, सेंट मायकल चर्चची घंटा ऐकत आम्ही मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. एका लोकलाइट मित्राच्या आईने सगळ्यांसाठी सुकेळी पाठवली होती. वसईबाहेरून आलेल्यांनी ही वाळवलेली केळी एकदा खाऊन बघावीत. दोन प्रकारांच्या मध्ये याच्याइतकं चांगलं खाणं नाही. आमचा मित्र १०० मीटर बारा सेकंदांत पळाला, ६५१ गुण. मला चौदा लागले, ३१२. मग लांब उडी. पहिली उडी त्याची पाच मीटरच्या पुढे गेली असेल, पण पाय फळीच्या पुढे. दुसरी तशीच. तिसऱ्या वेळी त्याने धावण्याची सुरुवात मागे घेतली, तरी बोटभर पुढेच पडला.

तो माझ्याकडे आला. आता नीट ऐका. तो म्हणाला, "गोळा तरी टाकतो ना."

मी म्हणालो, "शून्य आलं म्हणजे तू बाद. उद्या दुपारी रिले आहे, पाय जप. जा, रूमवर जाऊन पड."

नियमांचा कागद माझ्या ट्रॅकपँटच्या खिशात होता. चार घड्या घातलेला. उघडून बघितलाच नाही.

तो गेला. गोळाफेकीला त्याचं नाव तीनदा पुकारलं आणि मग सरांनी त्याच्यापुढे 'सोडून गेला' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेच उरलो. मी १५०० मीटर सहा मिनिटं वीस सेकंदांत कसेबसे संपवले. गणित सोपं आहे: ४८० वजा ३८० म्हणजे बरोबर १००, त्याचा १.८५ वा घात, गुणिले ०.०३७६८, उत्तर १८८. पाच प्रकारांचे माझे एकूण १३८०. पहिला मजला जिंकला, आम्ही दुसरे.

जानेवारीत सबमिशन्स संपल्यावर एका रात्री मी सगळे आकडे एक्सेलमध्ये टाकत होतो, या वर्षासाठी तयार शीट असावी म्हणून. सूत्रं बरोबर बसलीत का ते बघायला कागद उघडला आणि पहिल्यांदा नियम पूर्ण वाचला. मग मित्राचं नाव घालून बघितलं. लांब उडी शून्य. गोळा सरावात नऊ मीटर जायचा, त्याचे ४२६. उंच उडी दीड मीटर, ३८९. १०० मीटरचे ६५१ धरून बेरीज १४६६. म्हणजे १५०० मीटर धावायच्या आधीच तो माझ्या पाचही प्रकारांच्या पुढे होता! त्याच्या नेहमीच्या सहा मिनिटांना २६४ मिळाले असते, एकूण १७३०. माझे १३८० गळून त्याचे १७३० आले असते तर ३५० गुण वाढले असते. आम्ही हरलो २१२ ने. रमतगमत साडेसहा मिनिटांत आला असता तरी १५५ मिळून आम्ही २९ गुणांनी जिंकलो असतो.

टीमला त्याने बुडवलं नाही. तो गोळा टाकायला तयार होता, त्याला परत मी पाठवलं. आणि हे कळल्यावरही इतके महिने मेसमध्ये 'शून्य' अशी हाक आली की मी ताटाकडे बघत बसायचो. त्याने एकदाही कुणाला सांगितलं नाही की कॅप्टननेच जायला सांगितलं होतं. मी विचारलं का सांगितलं नाहीस, तर म्हणाला, "तुला माहीत होतं ना. मग तूच सांगशील असं वाटलं."

या वर्षी स्पर्धा पुन्हा आहे, वसईगावातला कला-क्रीडा महोत्सव सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे तिकडे उतरणाऱ्यांची अडचण व्हायला नको. एक्सेलची शीट जिमखान्याच्या कॉम्प्युटरवर आहे. लेडीज हॉस्टेलने चार प्रकारांची वेगळी स्पर्धा मागितली आहे, त्यांच्या तक्त्यातले अ-ब-क वेगळे असतात, तेही घालून ठेवलेत. नियमांचा कागद या वेळी नोटीस बोर्डावर लागेल. दुसऱ्या मजल्याचा कॅप्टन मी नाही.

हा लेख देण्याआधी मित्राला वाचायला दिला. त्याने बराच वेळ लावला. मला वाटलं नाव काढ, प्रसंग काढ, असं काहीतरी म्हणेल. शेवटी पेन्सिल घेऊन एका ठिकाणी खूण केली आणि म्हणाला, "गोळा नऊ नाही, नऊ वीस जायचा."

तपासून बघितलं. ४३८ होतात. बारा गुण त्याचे अजून बाकी आहेत.