कम्युनिटी कॉलेजातील सामान्य अभ्यासक्रम : निवडीपूर्वीचा हिशेब

आपल्या समाजातील कित्येक घरांतील मुले आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथे वाढलेल्या नातवंडाने अठराव्या वर्षी काय शिकावे, हा प्रश्न दूरध्वनीवरून आजोबांपर्यंत येतो. आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव कानी पडताच, मुलगा मागे पडला की काय, अशी शंका घरात उत्पन्न होते. ती कितपत साधार आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

या संस्थांचा इतिहास अल्प नाही. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी अशा पहिल्या सार्वजनिक कॉलेजाचा आरंभ झाला. पुढे १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी अशी कॉलेजे असावीत असा आग्रह धरला. येथे प्रवेशाचे द्वार बहुधा सर्वांस खुले असते आणि शुल्क चार वर्षांच्या विद्यापीठाहून बरेच कमी असते. बहुतेक विद्यार्थी घरीच राहून शिकतात; तेव्हा वसतिगृहाचा खर्च वाचतो आणि घरचे शुद्ध शाकाहारी अन्नही सुटत नाही.

सामान्य अभ्यासक्रमात इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान, इतिहास, समाजशास्त्र, कला अशा विषयांचा समावेश असतो. दोन वर्षांची पदवी साधारणतः साठ श्रेयांकांची, तर चार वर्षांची एकशेवीसांची असते. म्हणजे, सर्व श्रेयांक पुढे मान्य झाल्यास, निम्मी वाट अल्प खर्चात सरते. ज्याचा कल अद्याप निश्चित झालेला नाही, त्याला ही व्यवस्था खरोखर उपकारक आहे.

परंतु ‘मान्य झाल्यास’ या दोन शब्दांतच सारे मर्म आहे. काही कॉलेजांत ‘जनरल स्टडीज’ नावाची पदवी विद्यापीठात पुढे जाण्यासाठी आखलेलीच नसते. त्यासाठी निराळा ‘ट्रान्स्फर’ अभ्यासक्रम असतो. नावे जवळजवळ सारखी असल्याने फसगत होते. शिवाय ज्याला पुढे अभियंता व्हावयाचे आहे, त्याने कलनगणित आणि भौतिकशास्त्र आरंभापासूनच घेतले पाहिजे. अन्यथा साठ श्रेयांक पदरी असूनही एखादे वर्ष अधिक मोडते. परिचर्येच्या शिक्षणासाठी शरीररचनाशास्त्राचे तसेच आहे.

म्हणून प्रवेशापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा करावी. कॉलेजास अधिकृत मान्यता आहे काय? इच्छित विद्यापीठाशी त्याचा श्रेयांक स्वीकारण्याचा लेखी करार आहे काय? आणि कोणता विषय तेथे कशाच्या जागी धरला जाईल? कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने ‘ट्रान्स्फर’ पदवी घेणाऱ्यास राज्य विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या शाखेत प्रवेशाची हमी मिळाली. मात्र ती मनपसंत शाखेचीच असेल असे नाही. हा भेदही ध्यानी ठेवावा.

आपण व्यापारी माणसे. माल उचलण्यापूर्वी सौद्याच्या अटी वाचणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. तीच सावधगिरी येथे हवी. मुलाने कमी खर्चाची वाट धरली म्हणून त्याला उणे लेखू नये. दोन वर्षांनंतर ती वाट कोठे पोहोचते, एवढे मात्र त्याच्याजवळ बसून आरंभीच पाहून घ्यावे.