सिकलसेल : पत्रिका नको, पण रक्ताची तपासणी हवीच

विदर्भातील आपल्या वस्त्यांमध्ये एक आजार पिढ्यानपिढ्या मुक्कामाला आहे, पण त्याचे नाव फार थोड्या घरांत उघडपणे घेतले जाते. लेकराचे हातपाय वारंवार दुखतात, डोळे पिवळे होतात, अंगात रक्त राहत नाही, थंडी पडली की दवाखाना ठरलेला. कोणी त्याला वात म्हणते, कोणी कावीळ, तर कोणी बाहेरची बाधा. त्याचे खरे नाव सिकलसेल. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात तो गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आढळतो आणि आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. हा आजार पुढच्या पिढीत जाण्यापासून रोखता येतो. त्यासाठी लागते ती एक साधी तपासणी, तीही लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी.

हा आजार नेमका काय आहे?

रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या रचनेत एक छोटा बदल झालेला असतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, पण सिकलसेलची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्त कमी पडते.

हा आजार स्पर्शाने, पाण्याने, उष्ट्याने किंवा डासाने होत नाही. तो फक्त आई-वडिलांकडून येतो. हिमोग्लोबिनचा एक गुण आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. दोन्ही गुण सदोष असतील तर ती व्यक्ती रुग्ण, म्हणजे एसएस. एकच सदोष असेल तर ती वाहक, म्हणजे एएस. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेतात राबतो, शिकतो, नोकरी करतो. तपासणी केल्याशिवाय त्याला स्वतःलाही काही कळत नाही. सगळी अडचण इथेच आहे.

लग्नाचा हिशोब

वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाले तर एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. रुग्ण आणि निरोगी यांची सर्व मुले वाहक होतात, रुग्ण होत नाहीत. पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एक रुग्ण आणि एक वाहक असेल तर ही शक्यता ५० टक्क्यांवर जाते.

यात सून दोषी ठरण्याचा प्रश्नच येत नाही. आजारी मुलाला एक सदोष गुण बापाकडूनही आलेला असतो. तरीही तपासणीची सक्ती मुलीला आणि मुलाला सूट, असे अनेक घरांत चालते. आम्ही स्पष्ट सांगतो, एकट्या मुलीच्या तपासणीने हिशोब पूर्ण होत नाही.

पूर्वजन्माचे पाप नव्हे

‘मागच्या जन्मीचे भोग’ असे म्हणणारी माणसे आजही आपल्या घरांत आहेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली आहे. सिकलसेलचे कारण जैविक आहे आणि ते विज्ञानाला ठाऊक आहे. वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणून जिथे शतकानुशतके मलेरिया होता, तिथे हा गुण टिकून राहिला. तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, आपल्याकडेही आहे. यात कोणाच्या रक्ताची कमअस्सल प्रत सिद्ध होत नाही.

मग तो ठरावीक समाजांतच का दिसतो? कारण लग्ने त्याच वर्तुळात होत राहिली. जात ही जातीतल्या जातीत लग्न करण्यावर उभी आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. त्यात मामा-आत्याच्या मुलांची लग्ने लावण्याची चाल आली की, एकाच कुटुंबातील दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता आणखी वाढते. आंतरजातीय विवाहाने हे वर्तुळ मोडते. पण केवळ तेवढ्याने सुटका नाही. बौद्ध मुलगा आणि गोंड मुलगी दोघेही वाहक असू शकतात. म्हणून लग्न कोणाशीही होवो, तपासणी टळत नाही.

तपासणी कुठे आणि कोणती?

प्राथमिक आरोग्य केंद्रात विद्राव्यता चाचणी होते. बोटातून थोडे रक्त घेतात आणि काही मिनिटांत उत्तर मिळते. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावीच लागते. या तपासणीत थॅलेसेमियाचा वाहकही सापडतो. हे महत्त्वाचे आहे, कारण एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करायची आहे. तिचा मुख्य रोख आदिवासीबहुल भागांवर आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे ‘हा आदिवासींचा आजार’ म्हणून आपण निर्धास्त राहिलो, तर नुकसान आपलेच होईल. आपल्या वस्तीतही तपासणी व्हावी, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

ज्यांना आजार आहे, त्यांचे काय?

रुग्णाला पुरेसे पाणी, थंडीपासून बचाव, फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया यांचा मोठा आधार मिळतो. लहान मुलांना न्यूमोकोकल लस आणि पेनिसिलिन यांमुळे जीवघेण्या संसर्गापासून संरक्षण मिळते. ताप आला, धाप लागली किंवा मूल अचानक पांढरे पडून डाव्या बरगड्यांखाली गाठ जाणवू लागली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. अंगारा-धुपाऱ्यात गेलेला एक दिवस लेकराच्या जिवावर बेततो. पुण्या-मुंबईत गेलेल्या विदर्भातील मुलांनी तिथल्या डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, कारण त्यांच्या मनात ही शंका येईलच असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करणे हा हक्क आहे, भीक नव्हे.

आपण काय करायचे?

आपण पत्रिका जुळवत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. मग वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात रक्त तपासणीचा आग्रह धरायला काय हरकत आहे? पण निकाल माइकवरून वाचायचा नाही, यादी विहाराच्या फलकावर लावायची नाही. अहवाल त्या व्यक्तीच्याच हातात द्यायचा. वाहक म्हणून एखाद्या मुलीची सोयरीक मोडणारा समाज नवी अस्पृश्यता जन्माला घालतो. तपासणी निरोगी असलेल्या जोडीदाराला दूर करण्यासाठी नाही, दोघांना खरी माहिती मिळावी यासाठी आहे. दोघेही वाहक असतील आणि तरीही त्यांना लग्न करायचे असेल, तर मार्ग बंद होत नाही. गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, त्यातही त्या स्त्रीचा.

सर्वांत योग्य वेळ म्हणजे कॉलेजचे वय, जेव्हा लग्नाचा विषयही निघालेला नसतो. यंदा १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेवरचा थोडा खर्च कमी करा आणि जवळच्या आरोग्य केंद्राला बोलावून वस्तीत एक तपासणी शिबिर घ्या. रांगेत आधी कार्यकर्त्यांनी, म्हणजे आपणच उभे राहू. आपण बोट पुढे केले की बाकीचे येतील.

जय भीम.