उमराहचा प्रवास आणि इन्सुलिनची वेळ

रमजानमध्ये उमराह करण्याचे मोठे पुण्य मानले जाते. त्यामुळे अकोला, अमरावतीतूनही अनेक कुटुंबे या महिन्यात मक्का-मदिनेला निघतात. त्यात टाईप वन मधुमेह असलेले तरुणही असतात. या आजारात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास तयारच करत नाही. म्हणून पोट उपाशी असले तरी दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन बंद करून चालत नाही. मात्रा किती, हे डॉक्टर ठरवतात.

सौदी अरेबियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. अकोल्यात रात्री दहाला इंजेक्शन घेणाऱ्याने तिथे साडेसातला घेतले, की चोवीस तासांचे अंतर कायम राहते. ही वेळ इफ्तारनंतर आणि तरावीहच्या नमाजआधी येते. जेवणासोबतचे इन्सुलिन मात्र घड्याळावर नव्हे, तर घासावर अवलंबून असते.

भारतात सहेरी करून पश्चिमेकडे उडणाऱ्याचा रोजा सूर्यासोबत लांबतो. अशा वेळी साखर घसरण्याचा धोका असतो. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांतच सुमारे तीन किलोमीटर चालणे होते, तेव्हाही साखर उतरते. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ग्लुकोज आणि जास्तीच्या सुया हव्यात. मक्केच्या उन्हात थंड पाऊच लागतोच.

कुरआनच्या सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजारी आणि प्रवासी, दोघांनाही रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. टाईप वनचा उमराह यात्रेकरू तर दोन्ही असतो. रोजे ठेवणे कधीच शक्य नसेल, तर फिदिया म्हणून गरजूला जेवू घालता येते. तरीही 2001 मध्ये 13 देशांत झालेल्या ‘एपिडायर’ पाहणीत टाईप वनचे सुमारे 43 टक्के रुग्ण किमान 15 रोजे ठेवतात, असे दिसले. म्हणूनच रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. मिळालेली सवलत घेणे म्हणजे इबादतीत कमी पडणे नव्हे.